शेपटीवर बसणारं विमान

आमच्या घरात असले गूढ अनुभव वाचायची आवड माझ्या बायकोला आहे, मला नाही. ती वाचते आणि मी तिला चिडवतो, असंच आजवर चालत आलंय. मी जालन्याच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. हळदीच्या पाण्यात चुना टाकला की त्याचं 'रक्त' कसं होतं, हे दर वर्षी सातवीच्या वर्गात स्वतः करून दाखवतो आणि पोरांना सांगतो – बाबांनो, कुणी असं काही दाखवून घाबरवलं, तर घाबरायचं नाही, आधी विचारायचं, यात काय काय टाकलं? भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण माझ्याच घरात, भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर एक गोष्ट घडली. यात काय काय टाकलं, हे मला अजून सांगता आलेलं नाही. त्या वेळी खोलीत आम्ही चौघं होतो. त्यातले दोघं आता नाहीत. तिसरा माझा मोठा भाऊ. तो म्हणतो, "तू शिकलेला, तूच लिही."

आमचं मूळ गाव जाफराबादच्या जवळ. घरी शेती. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ती पदवी माझ्या एकट्याची नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. दादा माझ्याहून बराच मोठा. त्यानं शाळा मधेच सोडली आणि अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या हाताखाली शेतात उभा राहिला, म्हणून मला औरंगाबादला बी.एस्सी. करता आलं.

कॉलेजात असताना सलीम माझा रूम पार्टनर होता. तो जालन्याचाच. पुढे तो एसी दुरुस्तीच्या कामावर आखातात गेला. पहिल्या सुट्टीत परत आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी एक खोका आणला. आत प्लास्टिकच्या शिडीसारख्या चौकटी, आणि त्यांना लटकलेले विमानाचे बारीक बारीक भाग. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे – की जुन्या पंख्याच्या प्रवासी विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती तयार. खऱ्या विमानाच्या एकशे चव्वेचाळीसाव्या भागाची. सगळं विमान वीतभर! मी तोवर विमान पाहिलं होतं ते चिकलठाण्याच्या विमानतळाच्या तारेबाहेरून. पण त्या खोक्यानं मला वेडच लावलं. नेलकटरनं भाग कापायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, बायकोच्या शिवणाच्या सुईनं खिडक्यांच्या कडा साफ करायच्या, वाटीतल्या पाण्यात भिजवून नावाच्या पट्ट्या अलगद सरकवत पंखावर बसवायच्या. चंदेरी रंग आमच्याकडे लोखंडी गेटला देतात तोच, पातळ करून. दर खेपेला सलीम एखादा खोका आणायचा. "ले मियाँ, तेरा जहाज." बहुतेक वेळा ते डकोटाच असायचं – दोन पंख्यांचं, पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक चिमुकलं चाक.

अण्णा जालन्याला आले की कपाटावरची ती रांग बघून मायला म्हणायचे, "मास्तर झाला अन् भावल्या खेळून राह्यला." माय म्हणायची, "खेळू द्या. ल्हानपनी कुठं खेळला?"

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. पावसाळा सरता सरता अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तालुक्याला इलाज होईना म्हणून दादानं जीप करून त्यांना माझ्याकडे आणलं. माझं घर पहिल्या मजल्यावर. पुढची खोली बरीच मोठी – पश्चिमेला गॅलरीचं दार, समोर पूर्वेला खिडकी. मधे भिंतीला लागून अण्णांची खाट. मायही त्यांच्यासोबत आली. दादा दर आठवड्याला गावाहून एसटीनं यायचा – दूध, भाकरीचं पीठ, वांगी, जे असेल ते घेऊन.

अण्णांची सगळी भाषा गेली होती, फक्त एक शब्द राहिला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादाच शब्द उरतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. तो शब्द होता – "इमान".

आणि तो शब्द ते फक्त दादाला बघूनच बोलायचे.

आमच्या मराठवाड्यात इमान म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. बाजारात वांगी विकणारीसुद्धा 'इमानानं सांगते' म्हणते. दादा दारातून आत आला की अण्णांचा चेहरा बदलायचा. डावा हात थरथरत वर जायचा, बोट छताकडे. "इमान... इमान..." सगळा जोर लावून. आम्ही सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला. दुसरा कुठला घेणार? शेती दादाच्या हाती, घर दादाच्या हाती, आणि बाप वर बोट दाखवून म्हणतोय – इमान. वरचा बघतोय.

पहिल्यांदा दादा हसला. "इमानानंच करून राह्यलो, अण्णा," म्हणाला. अण्णांनी मान जोरजोरात हलवली – नाही, नाही – आणि पुन्हा वर बोट. दुसऱ्या खेपेला दादानं त्यांच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. अण्णा चिडले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बोट मात्र वरच. चौथ्या का पाचव्या खेपेला दादाच मोडला.

"अण्णा, म्या काय बेइमानी केली, तेवढं तरी सांगा!"

"इमान," अण्णा म्हणाले.

दादा उठून गॅलरीत गेला. मी मागोमाग गेलो. उपरण्यानं तोंड पुसत तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "सुभाष, आता म्या येत न्हाई. दूध, पीठ, काय लागंल ते जीपवाल्यासंगं पाठवीन. पन समोर येनार न्हाई."

"दादा, अरे त्यांना कळत नाही काय बोलतात ते."

"कळतंय. मलाच बघून म्हनतेत ना? तुला म्हनले का कधी? सुनेला म्हनले?" त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं. "उभी हयात त्यांच्यासंगं काढली म्या. अन् जाता जाता असं."

आणि तो खरंच यायचा बंद झाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दुसरा झटका आला तर हातात काही राहणार नाही. मला रात्रंदिवस एकच भीती – अण्णा आता जातील, आणि दादा हा शब्द जन्मभर छातीवर घेऊन हिंडेल. ज्या माणसाच्या जिवावर मी शिकलो, त्याच्यासाठी मला एवढंही करता येत नव्हतं. दादा येईना तसे अण्णाही उतरत गेले. मायनं भरवलेला घास तोंडातच राहायचा. नजर सारखी दाराकडे.

त्याच दिवसांत सलीम सुट्टीवर आला. अण्णांना बघायला म्हणून घरी आला, आणि सवयीनं खोकाही घेऊन आला. "इस बार चार पंखेवाला हाय, मियाँ. बडा जहाज." ते स्कायमास्टर होतं. मी असलं आधी केलं नव्हतं. खरं तर करायचं मनही नव्हतं. पण दिवाळीची सुट्टी लागली होती आणि मी दिवसभर अण्णांच्या खाटेशीच बसून असायचो. मग टीपॉय ओढून तिथेच पसारा मांडला. अण्णा कुशीवर पडून बघत राहायचे. मला वाटायचं, आता बोलता आलं असतं तर म्हणाले असते – लागला भावल्या खेळायला!

या विमानात माझी एक चूक झाली. ती सांगणं गरजेचं आहे, कारण सगळं तिच्यावरच आहे. डकोटा शेपटीच्या चाकावर बसतं, नाक वर करून. ती त्याची बैठकच. स्कायमास्टरचं तसं नसतं. त्याचं तिसरं चाक नाकाखाली असतं आणि ते जमिनीला समांतर उभं राहतं. पण प्लास्टिकच्या प्रतिकृतीत मागचा भाग जड होतो. म्हणून दोन्ही अर्धी शकलं चिकटवण्याआधी नाकात वजन भरावं लागतं – शिसं, छर्रे, काहीतरी. माहितीच्या कागदावर तशी खूण होती. आजवर शेपटीवर बसणारीच विमानं केलेल्या माझ्या डोळ्यांना ती दिसलीच नाही. मी सगळं चिकटवलं, सांधे घासले, रंग दिला, पट्ट्या लावल्या. मग मोठ्या हौसेनं विमान टीपॉयवर चाकांवर ठेवलं. आणि ते टुपकन शेपटीवर बसलं. नाक वर, चार पंखे छताकडे.

आता उघडायचं म्हणजे मोडायचंच. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर नेऊन मी त्याचं वजन केलं, नाकात किती भार लागला असता याचा हिशोब केला, आणि नाद सोडला. शेपटीखाली काड्यापेटी आडवी लावली की ते दिसायला नीट उभं राहायचं. काड्यापेटी काढली की टुपकन मागे.

एका संध्याकाळी मी असाच ती काढून-लावून बघत होतो. माय चहा घेऊन आली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे इमान असं ढुंगन टेकून कामून बसलंय रे?"

माझ्या हातातली काड्यापेटी खाली पडली.

"माय, काय म्हणालीस?"

"ढुंगन," माय जरा ओशाळून म्हणाली.

"नाही, त्याच्या आधी!"

"इमान."

"विमान."

"तेच की. तुमी शिकलेले त्याला 'वि' लावता."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. लहानपणी हा शब्द मीही ऐकला असणार, म्हटलाही असणार. शाळेत गेलो, 'विमान' शिकलो, आणि तो पार पुसला गेला. मी विचारलं, "अण्णा पण असंच म्हणायचे?"

"मंग काय! आपल्या मळ्यावरून जायचं ना, रातच्याला. एक जातानाचं अन् पहाटंच्या अगुदर एक परतीचं. परतीच्या इमानावर तर हे उठायचे. इमान आलं की इकडं मोट चालू." माय हसली. "घड्याळ कुठं व्हतं आपल्याकडं? तू पोटात व्हता तवा बी जायचं, झाल्यावर बी. मंग बंद झालं."

ते कसलं विमान, हे मला नंतर टपाल खात्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी सांगितलं. पूर्वी देशाच्या चारी बाजूंची टपाल विमानं रात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. आधी डकोटा, मग स्कायमास्टर. मी नकाशावर मुंबई ते नागपूर पट्टी ठेवून बघितली. रेघ जाफराबादच्या अंगावरून जाते.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी अण्णांकडे वळलो. ते जागे होते, टीपॉयकडे बघत होते. "अण्णा, तुम्ही विमान म्हणता का? दादाला विमानाचं काही सांगायचंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि डोळे मिटले. ते जे होतं, ते माझ्यासाठी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी जाफराबादला गेलो, तिथून जीपनं मळ्यात. दादा कापूस वेचत होता. कमरेला ओटी, ओटीत पांढरंशुभ्र. मी त्याला सांगितलं, अण्णा विमान म्हणतायत. तो वेचायचा थांबलासुद्धा नाही.

"मला समजवायला गोष्ट जुळवून आला काय?"

"मायला विचार."

"माय तुझंच म्हननार." दोन बोंडं वेचून तो म्हणाला, "अन् इमान म्हनले, तर ते मला काय म्हनून? म्या काय पायलट हाय?"

मला हसू आलं, त्यालाही थोडं आलं. मग मी एवढंच म्हणालो, "दादा, अण्णांनी जेवण सोडलंय." त्यानं ओटी सोडून गंजीवर रिकामी केली आणि हात झाडले.

आम्ही जालन्याला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. लाइट गेलेली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पंखा बंद होता, खालच्या पिठाच्या गिरणीचा आवाज बंद होता, कुठे रेडिओ नाही, काही नाही. वारा म्हणावा तर खिडकीचा पडदासुद्धा हलत नव्हता. माझी बायको पोरांना घेऊन दिवाळीसाठी माहेरी गेलेली. घरात अण्णा, माय, दादा आणि मी.

दादा दाराशीच भिंतीला टेकून बसला. पुढे येईना. अण्णांनी त्याला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हात वर गेला. "इमान..."

"बघ," दादा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला. डोळे भरलेले.

मी कपाटावरून स्कायमास्टर काढलं, टीपॉय खाटेजवळ सरकवला, विमान त्यावर ठेवलं आणि शेपटीखाली काड्यापेटी लावली. म्हटलं, "अण्णा, हे का?"

अण्णांनी ते बराच वेळ बघितलं. मग डावा हात पुढे केला. मला वाटलं, पंखे फिरवून बघतील. पण त्यांचं बोट सरकत शेपटीकडे गेलं, आणि त्यांनी काड्यापेटी अलगद ओढून काढली. मी झेलायला हात पुढे केला, कारण पडलं असतं तर शेपटीचा पातळ पंख मोडला असता.

ते पडलं नाही.

तिन्ही चाकांवर उभं राहिलं. नाकाखालचं चाक लाकडाला टेकलेलं, पाठ सरळ, जसं खरं विमान धावपट्टीवर उभं असतं तसं. मी खाली वाकून, डोळा टीपॉयच्या पातळीला आणून बघितलं. कशाला अडकलंय का, चाकाखाली काही आलंय का... काही नव्हतं. आणि वाकलेलो असतानाच माझ्या लक्षात आलं की खोलीत कुणीच हलत नाहीये.

मी मान वर केली. अण्णा छताकडे बघत होते. दारापाशी दादा – तोही छताकडे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात माय, हाताला पीठ, तीही वर बघत होती. तिघांचे चेहरे पूर्वेच्या खिडकीकडे होते आणि तिथून ते हळूहळू, एकाच वेळी वळत गेले. डोक्यावरून... आणि मग पश्चिमेकडे, गॅलरीच्या दाराकडे. तिघांच्या माना एकाच वेगानं. आभाळातून जाणारी एखादी गोष्ट आपण नजरेनं पोचवत जातो ना, तसं. मायचं तोंड किंचित उघडं होतं.

मला काहीही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगतो, माझ्या कानांनी काहीही ऐकलं नाही. पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हे. देवळात एकदम घंटा थांबते आणि आपण उगाच हात जोडतो... तसलं काहीतरी.

तिघांच्या नजरा गॅलरीच्या दारापलीकडे जाऊन थांबल्या. आणि अण्णा बोलले. स्पष्ट.

"दारं."

इतक्या दिवसांत दुसरा शब्द! मी धडपडत उठलो, गॅलरीचं दार उघडायला निघालो. दादानं माझं मनगट धरलं.

"दार न्हाई रे," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "दारं."

"मोड," अण्णा म्हणाले.

शेतात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. वाफ्यांना पाणी देताना एक वाफा भरला की पाटाचं मातीचं तोंड खोऱ्यानं फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, त्याला दारं मोडणं म्हणतात. मी शेतकऱ्याचा पोर असून उठलो ते कडी काढायला!

दादा गुडघ्यांवर सरकत खाटेपाशी गेला. अण्णांच्या छातीवर डोकं ठेवलं. पांढरे केस झालेला माणूस... आणि लहान मुलाच्या आवाजात म्हणत होता, "मोडलं, अण्णा. मोडलं. न्हाई भ्यालो."

अण्णांचा डावा हात त्याच्या पाठीवर होता.

बऱ्याच वेळानं दादानं मला सांगितलं. तो अगदी पोरगा असताना अण्णा अंधारात विहिरीवर मोट हाकायचे आणि दादा मळ्याच्या पार टोकाला एकटा उभा राहून दारं धरायचा. शेजारी ओढा, ओढ्यात कोल्हे. तो रडायचा. अण्णा लांब, हाक पोहोचायची नाही. तेव्हा अण्णांनी त्याला सांगून ठेवलं होतं – "इमान आलं की वर बघायचं. त्यातली मानसं तुला बघून राह्यली. एकला न्हाईस तू. इमान गेलं की दारं मोड अन् ये माझ्याकडं, चहा पिऊ."

"म्या रोज वर बघायचो," दादा म्हणाला. "तांबडा दिवा जाईस्तोवर. कसा काय इसरलो म्या..."

माय पीठ लागलेले हात पदराला पुसत होती. ती मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, पाहुणा येऊन गेल्यासारखं, "आज किती खालून गेलं रे."

"काय गेलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग दादाकडे. "ह्याला न्हाई आलं ऐकू?"

दादानं मान हलवली. "त्याला कुठून येईल, माय? तो झोपेत असायचा."

त्यानंतर अण्णांनी 'इमान' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. त्यांना गरजच राहिली नसावी. दादा मग माझ्याकडेच राहिला, मळा शेजाऱ्यावर सोपवून. अण्णा त्याच्या हातानं जेवायचे. संक्रांतीच्या सुमाराला ते गेले, सकाळी, दादाच्या मांडीवर, शांतपणे. माय काही वर्षांनी गेली. दादा आज धडधाकट आहे आणि आपल्या बापाबद्दल बोलताना त्याच्या आवाजात कसलीही खोच नाही. मला जे हवं होतं, ते मिळालं. कुणी दिलं, ते माहीत नाही.

आता विमानाचं.

ते तेव्हापासून उभं आहे. काड्यापेटीशिवाय. अण्णांचे दिवस झाल्यावर मी ते पुन्हा शाळेत नेलं आणि त्याच तराजूवर ठेवलं. वजन आधी होतं तेवढंच. एका गुंजेचाही फरक नाही. काचेच्या पट्टीवर, सपाटी मोजणाऱ्या नळीतला बुडबुडा बघून, ठेवलं – उभं. उलटं फिरवून ठेवलं – उभं. शेपटी बोटानं खाली दाबली की दबते, बोट काढलं की सावकाश वर येते आणि नाकाचं चाक टेकतं. कानाशी धरून हलवलं तर आत काही वाजत नाही. आमचे भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, आतला गोंद उन्हानं वितळून पुढे सरकला असेल. तेवढा गोंद मी वापरलाच नव्हता, आणि घट्ट झालेला गोंद वितळायला टीपॉय काही तवा नव्हे. तरी मी त्यांचंही ऐकलं, दुसरं टाकाऊ विमान चिकटवून उन्हात ठेवून बघितलं. काही झालं नाही. वजन तेवढंच, आणि तोल बदललेला... हे मी वर्गात फळ्यावर मांडू शकत नाही.

सलीम पुढच्या सुट्टीत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो विमानाकडे वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "काट के देख ले ना, मियाँ. अंदर क्या हाय, बराबर समजेगा." त्याचं बरोबर होतं. मी पोरांना तेच शिकवतो – यात काय टाकलं, ते बघा.

एकदा मी खरंच बसलो होतो. एका हातात करवतीचं बारीक पातं, दुसऱ्या हातात विमान. सांध्याची रेघ अंगठ्याखाली लागत होती. दादा त्या दिवशी आलेला होता, खाटेवर पान लावत बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बोटाचा चुना काड्यापेटीला पुसत म्हणाला,

"इमान ठेव."

विमान खाली ठेव म्हणाला, की दुसरं काही म्हणाला, ते मी विचारलं नाही. पातं बाजूला केलं आणि ते टीपॉयवर ठेवलं. उभं राहिलं.